पावण्याचं घर

खोली भाड्यानं देताना घरमालक काय विचारतात ते मला तोंडपाठ होतं. लग्न झालंय का, कंपनी कुठली, रात्री किती वाजता येणार, भेटायला कोण कोण येणार. कसबा बावड्यातल्या माझ्या घरमालकांनी यातलं काहीच विचारलं नाही. अंगात बंडी, नाकावर चष्मा आणि कपाळावर दुसरा चष्मा अशा थाटात ते पायरीवर बसले होते. मला नीट न्याहाळून त्यांनी विचारलं, "मूळ गाव कुठलं?"

मी परभणी म्हणाले. ते म्हणाले, ते राहतं गाव झालं, त्याच्या आधी कुठलं? मी म्हणाले, आधीही परभणीच. मग आजोबांच्या आधी? ते मला माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर कधी माहीत करून घ्यावंसंही वाटलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे अशा काही कळवळ्यानं पाहिलं की, मला क्षणभर आपल्याला काहीतरी दुखणं आहे असंच वाटलं. "ऱ्हावा वरच्या खोलीत," ते म्हणाले. "हुडकू आपण."

मला कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत नोकरी लागली होती, यंत्रांचे सुटे भाग मोजून-तपासून पास-नापास करायची. कंपनीची बस बावड्याच्या रस्त्यावरून जायची, म्हणून मला तिथं खोली हवी होती. खोलीबरोबर एक काका मिळाले आणि काकांबरोबर त्यांचा हरवलेला पणजोबा.

काका साखर कारखान्यातून निवृत्त झाले होते. नोकरीभर उसाच्या गाड्या आत सोडायचं काम केलं आणि प्रत्येक गाडीवानाला विचारलं, मूळ गाव कुठलं. निवृत्तीनंतर गाड्या थांबल्या, प्रश्न थांबला नाही. सिलिंडर घेऊन येणारा, रिक्षावाला, दवाखान्यात सुई टोचायला आलेली नर्स, कुणालाच त्यांनी सोडलं नाही. एकदा माझ्या स्कूटीवर मागं बसून ते दाभोळकर कॉर्नरकडे निघाले होते. दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट नव्हतं, ट्रॅफिक पोलिसानं अडवलं. मी लायसन शोधतेय तोवर काकांनी त्याचं मूळ गाव काढलं, आजोळ काढलं, कुलदैवत काढलं. दोघं रस्त्याच्या कडेला झाडाखाली उभे राहून इतके रंगले की मला वाटलं सुटलो. शेवटी पोलिसानं वाकून काकांना नमस्कार केला आणि माझ्या नावानं पावती फाडली.

कोल्हापुरात जागोजागी फ्लेक्स लागतात. दादांचा वाढदिवस, भाऊंची निवड, कुणाला भावपूर्ण श्रद्धांजली. वर मोठा फोटो आणि खाली शुभेच्छुकांची ही भलीमोठी रांग. आपण वरचा फोटोसुद्धा बघत नाही. काका प्रत्येक फ्लेक्ससमोर थांबून खालची सगळी नावं वाचत. त्यांच्या आडनावाचा कुणी दिसला की त्याला गाठायचं. एका फ्लेक्सवरच्या शुभेच्छुकाला गाठायला ते थेट इचलकरंजीला गेले. तो माणूस मूळचा बावड्याचाच निघाला, काकांच्या सख्ख्या चुलत्याचा नातू. काकू तेव्हापासून त्या फ्लेक्सची आठवण दर सणाला काढत.

काकूंना या शोधाचं कौतुक नव्हतं आणि रागही नव्हता. काका बाहेरून आले की त्या स्वयंपाकघरातूनच विचारायच्या, गावलं का? काका म्हणायचे, अजून न्हाय. मग हात धुवा आणि जेवा, असं ठरलेलं उत्तर यायचं. एकदाच त्या माझ्याजवळ म्हणाल्या, "सकाळी ठेवलेला चष्मा घावंना ह्यास्नी, आणि चार पिढ्यांमागचा माणूस हुडकायला निघाल्यात."

तर हा पणजोबा. त्याच्याबद्दल जे ठाऊक होतं ते एवढंच. तो गुळव्या होता, म्हणजे गुऱ्हाळात कढईपुढे उभा राहून रस कधी उतरवायचा ते सांगणारा माणूस. एका हंगामात कुठल्याशा टोळीबरोबर बावड्याला आला. हंगाम संपला, टोळी गेली, हा राहिला. इथल्याच एका घरची मुलगी केली. अंगणात काजूचं झाड लावलं, जे बावड्यात तेव्हाही कुणी लावत नव्हतं आणि आजही लावत नाही. दोन्ही डोळे मांजरासारखे घारे, म्हातारपणीसुद्धा इतके तेज की लांबून नुसती उकळी बघून गूळ झाला का ते सांगायचा. हे काकांच्या वडिलांनी स्वतः पाहिलेलं. ते घारे डोळे काकांकडे उतरले होते. आणि गाव विचारलं की पणजोबा म्हणायचा, "लांब हाय." बस्स.

या "लांब हाय"मुळे त्या घराला नाव पडलं, पावण्याचं घर. कोल्हापुरात कुठल्याही अनोळखी माणसाला पावणं म्हणतात, त्यात काही वाईट नाही. मलाही भाजीवाल्यापासून सगळे पावणं म्हणायचे. पण बाकीच्यांना ते नाव जाता-येता मिळतं, या घराला चार पिढ्या चिकटलं होतं. पत्ता सांगताना लोक सांगत, पावण्याचं घर, काजूच्या झाडापाशी. मला सुरुवातीला यात एवढं मनाला लावून घेण्यासारखं काय आहे ते कळेना. मी तसं एकदा बोलूनही दाखवलं. काका म्हणाले, हेळवी येऊ दे, मग कळंल.

हेळवी म्हणजे पिढ्या सांगणारा. आमच्याकडे परभणीला मी असा माणूस पाहिला नव्हता. सुगी संपली की तो येतो. पूर्वी म्हणे बैलावर बसून यायचा, आमचा मोटारसायकलवरून आला, डोक्याला पटका आणि पटक्यावर कानटोपी. ज्याच्या दारात उभा राहील त्या घराण्याच्या पिढ्या तो तोंडपाठ म्हणतो. मूळ पुरुष कुठल्या गावाहून निघाला, त्याचा मुलगा कोण, त्याचे मुलगे किती, कोण कुठं नांदलं, थेट पाळण्यातल्या बाळापर्यंत. लोक धान्य घालतात, धोतरजोडी देतात. शेजारच्या दारात तो उभा राहिला तेव्हा माझा चहा पिऊन झाला, कप धुऊन झाला, तरी त्याचं चालूच होतं. शेजारचे आजोबा डोळे मिटून ऐकत होते. एरवी सुनेवर खेकसणारा माणूस, पण स्वतःच्या खापरपणजोबाचं नाव आल्यावर त्यांनी हात जोडले.

मग हेळवी आमच्या दारात आला. काका अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते. हेळव्यानं पणजोबाचं नाव घेतलं, आजोबांचं, वडील-चुलत्यांचं, काकांचं, त्यांच्या बंगळूरच्या मुलाचं, आणि संपलं. एका दमात. मधे श्वाससुद्धा घ्यावा लागला नाही. गल्लीतली मुलं हसली, मोठी माणसं दुसरीकडे बघायला लागली. काकांनी सगळ्यांपेक्षा जास्त जोंधळे त्याच्या झोळीत घातले आणि आत गेले. त्या दिवशी त्यांनी कुणालाही मूळ गाव विचारलं नाही. त्यांना फक्त पणजोबाच्या मागचं एक नाव हवं होतं, आणि जिथं आपण पावणे नाही असं एक गाव. एवढंच हवं होतं, आणि तेच कुठं मिळत नव्हतं.

मुलानं बंगळूरहून एक डबी पाठवली. तिच्यातल्या नळीत थुंकून परत पाठवायचं, मग ते लोक तुमचे पूर्वज कुठले ते कळवतात. काकूंनी ती डबी देवघरापासून लांब, बाथरूमच्या फळीवर ठेवायला लावली. काका आदल्या दिवसापासून तंबाखू सोडून बसले. बऱ्याच आठवड्यांनी मोबाइलवर उत्तर आलं ते मी वाचून दाखवलं. दक्षिण आशिया. काकांनी विचारलं, म्हणजे कुठवर? मी म्हणाले, भारत, पाकिस्तान, बांगलादेश, सगळं. श्रीलंका पण? श्रीलंका पण. "म्हंजे मी हितलाच हाय हे कळाय थुकाय लागलं," असं म्हणून त्यांनी तंबाखूची पुडी मागवली.

राहिलं काजूचं झाड. काजू म्हटलं की आजरा, तेव्हा पणजोबा आजऱ्याकडचा असणार, असं काकांचं गणित होतं. इतक्या दिवसांत तिकडं गेले का नाहीत असं मी विचारलं. ते म्हणाले, एवढी एकच जागा उरली हाय, तिथंबी न्हाय म्हटलं तर मग काय करू? हे ऐकल्यावर मीच हट्ट धरला. एका रविवारी काकूंनी दशम्या आणि भडंग बांधून दिलं आणि आम्ही एसटीनं आजऱ्याला गेलो.

पहिलं काम म्हणून काका काजूच्या एका कारखान्याच्या दारात उभे राहिले आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाला आपल्या अंगणातल्या झाडाची हकीकत सांगू लागले. कारखान्याचे मालक हातात टरफलं घेऊनच बाहेर आले, शांतपणे सगळं ऐकलं आणि म्हणाले, "काका, काजू तरी कुठं हितला हाय? त्योबी जहाजातनंच आलाय की." काकांचा चेहरा पडला. मालकांना वाईट वाटलं असावं. त्यांनी चहा पाजला, चार ठिकाणी फोन केले आणि सांगितलं की पुढं एका वाडीत या आडनावाचं एक घर आहे. त्यांच्याच टेम्पोनं आम्हाला तिथं सोडलं.

घराच्या जोत्यावर एक आजी सूप घेऊन तांदूळ पाखडत होत्या. काकांनी सवयीनं मूळ गाव कुठलं म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, माहेरचं सांगू का सासरचं? सासरचं म्हटल्यावर त्यांनी सूप बाजूला ठेवलं. आडनाव ऐकलं, गुळव्या हा शब्द ऐकला, आणि त्या उठून उभ्या राहिल्या. कमरेत वाकलेल्या होत्या, तरी काकांच्या तोंडाकडे बघायला त्यांनी मान पार वर केली. मग आतल्या मुलाला हाक मारून पाणी आणायला सांगितलं.

त्यांच्या आजेसासऱ्यांचा धाकटा भाऊ कोल्हापूरकडं गुऱ्हाळाला जातो म्हणून गेला होता. तो परत आलाच नाही. पितृपंधरवड्यात घरातल्या गेलेल्या प्रत्येक माणसाच्या नावानं पान वाढतात, त्याला तिकडं म्हाळ म्हणतात. याचं पान कधी वाढलं गेलं नाही, कारण तो मेल्याचं कुणी सांगितलं नव्हतं. जिवंत माणसाचं पान वाढणं म्हणजे अभद्र. आजींना त्यांच्या सासूनं बजावलं होतं की त्याचं कळेपर्यंत पान वाढायचं नाही, पण विसरायचंही नाही. सासूला तिच्या सासूनं बजावलं होतं. "आता कुठला जित्ता असतोय," आजी म्हणाल्या. "पर सांगावा आल्याबिगर म्या कसं वाढू?"

पाणी आलं तरी काका आनंदानं ते प्यायचं विसरून तांब्या हातात धरून बसले होते. आडनाव तेच, धंदा तोच, काळही जुळत होता. इतक्या वर्षांचा शोध त्या जोत्यावर संपला होता. आणि तरी त्यांनी जन्मभराच्या सवयीनं विचारलंच, दिसायला कसा होता, काही ऐकलंय का?

"देवी आलेल्या ल्हानपणी," आजी म्हणाल्या. "उजवा डोळा गेलेला. सासू म्हणायची, एका डोळ्याचा पावणा दारात आला तर आधी पाणी द्यायचं, मग नाव इचारायचं."

मी काकांकडे पाहिलं. माझं कामच मापात बसतं की नाही ते बघायचं, आणि हे बसत नव्हतं ते मला तिथंच कळलं. काकांनाही कळलं. त्यांचा चेहरा क्षणात उतरला. त्यांनी तांब्यातलं पाणी सावकाश पिऊन संपवलं, तांब्या खाली ठेवला आणि आजींच्या जवळ सरकले.

"आजी, आमच्या घरात गेला त्यो," ते म्हणाले. "म्हातारा हून गेला. ल्योक-सुना, नातवंडं समदी भवतीनं हुती. शेवटचं पाणी माझ्या बापानं पाजलं. तुमी पान वाढा."

आजींनी डोक्यावरचा पदर सारखा केला. रडल्या नाहीत. त्यांनी विचारलं, खायला काय आवडायचं त्याला? काका सांगत बसले. कढईतला ताजा गूळ आणि शेंगदाणे. तंबाखू ओढायचा, पण सुनांसमोर नाही. उन्हाळ्यात काजूच्या झाडाखाली बाज टाकून निजायचा. सगळं खरं होतं, फक्त माणूस दुसरा होता. त्या घरानं आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. घनसाळ तांदळाचा भात होता, आणि त्याचा वास मला आजही तसाच येतो.

परतीच्या एसटीत काकांनी दोघांची तिकिटं काढली. मग आपण होऊन म्हणाले, पणजोबाचं दोन्ही डोळं धड हुतं. मी विचारलं, मग असं का सांगितलंत?

"तिच्या सासूनं तिला काम लावून ठेवलंय," ते म्हणाले. "तिनं आता ते कुणाला लावायचं? सुना पुण्याला."

घरी पोचल्यावर काकूंनी स्वयंपाकघरातून विचारलं, गावलं का? काका म्हणाले, गावलं म्हणायचं. आणि कुणी न सांगता हात धुवायला गेले.

बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. वाडीची माणसं येऊ-जाऊ लागली, तांदूळ आणि काजू घेऊन. पितृपंधरवड्यात त्यांनी काकांना म्हाळाला बोलावलं. काका गेले आणि दुसऱ्याच्या पणजोबाच्या नावानं वाढलेल्या पानाला नमस्कार करून जेवून आले. सुगी संपल्यावर हेळवी आला तो सगळी तयारी करूनच. वाडीच्या घराण्याच्या पिढ्या त्याच्या भाऊबंदांकडे होत्या, त्या त्यानं पाठ करून आणल्या होत्या. गल्ली जमली. शेजारचे आजोबा मुद्दाम खुर्ची घेऊन आले. हेळव्यानं खाकरून घसा मोकळा केला तेवढ्यात काकांनी हात वर केला. आमचं मागं हुतं तेवढंच म्हण, ते म्हणाले.

हेळव्याला कळेना. काकू दारातून म्हणाल्या, अवो ऐका की, एवढं जमून आलंय. काका ऐकेनात. शेवटी हेळव्यानं जुनी नावं घेतली, एका दमात, आणि काकांनी त्याच्या झोळीत सगळ्यांपेक्षा जास्त जोंधळे घातले. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं असं गल्लीत ठरलं. मी जिन्यात गाठून त्यांना विचारलं की निदान आज तरी ऐकून घ्यायचं होतं, कुणाचं काय जाणार होतं?

"म्हातारीला सांगितलं ते तिच्यासाठी," काका म्हणाले. "ह्ये माझ्यासाठी झालं असतं."

मी आयुष्यात बरीच सरळ माणसं पाहिली आहेत. त्यांच्या सरळपणाचा बहुतेक वेळा इतरांना त्रास होतो. काका खोटं बोलले तेही दुसऱ्यासाठी, आणि ज्या गोष्टीसाठी जन्मभर वणवण केली ती दारात चालून आली तेव्हा मात्र खरं बोलून मोकळे झाले. मला त्या दिवशी त्यांचा फार राग आला आणि फार मायाही वाटली. आईला फोन करून मी सगळं सांगितलं, डोळ्याचं सोडून. ते मी कुणालाच सांगितलं नाही, काकूंनाही नाही.

पुढं माझी बदली झाली. मी पुण्याला आले आणि काकांचे फोन येत राहिले. परभणीच्या आधीचं माझं गाव त्यांनी शोधून काढलं नाही, पण प्रयत्न सोडलाही नव्हता. माझ्या वडिलांशी ते परस्पर बोलायचे, हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं. मग एक दिवस काकूंचा फोन आला. काका दुपारी काजूच्या झाडाखाली बाज टाकून झोपले, ते उठलेच नाहीत.

मी दिवसकार्याला पोचले तेव्हा अंगणात माणसं बसली होती. वाडीहून अख्खं घर आलं होतं. पुरुषांनी डोकी भादरून घेतली होती. भावकीतलं कुणी गेलं की करतात तशी, पाव्हण्यारावळ्यांत कुणी करत नाही. त्या घरात नातवाचं लग्न ठरलं होतं, पत्रिका वाटून झाल्या होत्या, तरी सुतक आहे म्हणून त्यांनी लग्न पुढं ढकललं होतं. नसलेल्या नात्यासाठी एवढं सगळं चाललं होतं आणि ते माहीत असलेली तिथं मी एकटी होते. आजी कोपऱ्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. जीपमधून एवढा प्रवास करून आल्या होत्या. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. म्हणाले, आजी, लग्न कशाला थांबवलंत?

त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. "त्या दिशी तू हुतीस न्हवं त्याच्यासंगं?"

मी हो म्हणाले.

"म्या डोळ्याचं सांगितलं, आणि त्याचं तोंड उतरलं. म्या बघितलं की ते. त्योबी माझ्याकडं बघत हुता."

मग सुतक कशाचं धरलंत, मी विचारलं.

"आमच्या माणसाला त्यानं आपल्या घरात मरण दिलं, पोरी," आजी म्हणाल्या. "मग त्याच्या मरणाला आमी घर व्हायला नगं?"

आतून काकूंनी हाक मारली. काकांच्या नावानं पान वाढून झालं होतं. आजींना उठता येईना, म्हणून मी त्यांचा हात धरला. अंगणात वाडीची माणसं आणि गल्लीची माणसं एकत्र उभी होती, आणि त्यांत भावकी कोण आणि पावणं कोण ते मला वेगळं काढता आलं नाही.